ओरिकोचं तारण

"अकरा मिनिटं!" शार्दूल ओरडला, आणि खालून कुणीतरी छताला काठी ठोकली.

आमचं ऑफिस म्हणजे एरंडवण्यात एका दंतवैद्याच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या. खुर्चीत तोंड वासून बसलेले पेशंट आमच्या आरोळ्यांनी दचकतात, अशी डॉक्टरांची तक्रार होती आणि ती खरीच होती. पण त्या गुरुवारी दुपारी आम्हाला कशाचंच भान नव्हतं. भिंतीवरच्या पडद्यावर जगभरातून मतं पडत होती. हिरवा पट्टा साठ टक्क्यांवर होता आणि पुढेच सरकत होता. चार वाजून दहा मिनिटांनी मतदान संपणार होतं.

आमच्या उद्योगाचं नाव कोठार. इंटरनेटवरची सावकारी पेढीच म्हणा, फक्त तिला पेढीवाला नाही. काही लोक डिजिटल डॉलर आणून ठेवतात, दुसरे लोक आपली क्रिप्टोतली नाणी तारण ठेवून ते डॉलर कर्जाऊ उचलतात. मॅनेजर नाही, शिपाई नाही. सगळं आधी लिहून ठेवलेल्या प्रोग्रॅमवर चालतं. नियम बदलायचा तर सभासद मत देतात, आणि मंजूर झालेला नियम अठ्ठेचाळीस तासांनी आपोआप लागू होतो. ही सगळी कल्पना शार्दूल देवस्थळीच्या डोक्यातून निघालेली. वय एकोणतीस, बोलण्याचा वेग दुचाकीसारखा आणि ब्रेक तसेच ढिले.

मी चित्रा विसपुते, मूळची जळगावची. माझं काम एकच: एखादं नवं नाणं तारण म्हणून घ्यायचं ठरलं की त्यावर मर्यादा लिहायची. तेव्हा कोठारात लोकांचे नव्वद लाख डॉलर होते. आणि त्यांत, हे मला प्रत्येक मर्यादा लिहिताना आठवायचं, माझ्या वडिलांचे चौदा लाख रुपयेही होते. नाना एकतीस वर्षं जळगावातल्या एका छोट्या पतसंस्थेत सोनं तारण ठेवायला येणाऱ्यांचे दागिने पारखायचे. निवृत्त झाल्यावर हातात आलेले सगळेच्या सगळे पैसे त्यांनी दिवाळीत माझ्याकडून कोठारात टाकून घेतले होते. "आधी थोडे टाका," असं मी म्हणत होते. "टाक सगळे," म्हणाले आणि विषय संपवला.

त्या दिवशी मताला होतं ते ओरिको नावाचं नवं नाणं. त्याची शिफारस आमच्या ऑनलाइन चर्चेच्या फळ्यावर एका निनावी सभासदाने आणली होती. त्याच्या नावासमोर घुबडाचं चित्र असायचं. खरं नाव, गाव कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आमच्या धंद्यात ते विचारायची पद्धतही नाही. बोलणं मात्र साखरेत घोळलेलं. मी ओरिकोवर मर्यादा लिहिली होती: वीस लाख नाणी, त्यापेक्षा एकही नाणं जास्त तारण घ्यायचं नाही. त्याखाली घुबडाने लिहिलं होतं, "इतकी समंजस मर्यादा मी कुठेच पाहिली नाही." खोटं कशाला बोलू, ते मी दोनदा वाचलं होतं.

"झालं!" शार्दूल टेबलावरून उडी मारून उतरला. "शनिवारी चार-दहाला ओरिको आत! चित्रा, ओरिकोवाले पन्नास लाख डॉलरची ठेव आणणार आहेत. घोडं गंगेत न्हालं!"

खालून काठी पुन्हा वाजली. आम्ही मस्तानी मागवली आणि एक ग्लास डॉक्टरांनाही पाठवला.

शुक्रवारी संध्याकाळी नानांचा फोन आला. दर शुक्रवारी यायचाच.

"काय करू राहिली व?"

"नाना, मोठं काम झालं. नवीन नाणं आलंय तारणाला. माझ्या मर्यादेवर सत्तर टक्के मतं पडली."

"किती घातली मर्यादा?"

"वीस लाख नग."

नाना म्हणाले, "नग? अन् रुपये?"

"आजचा भाव चाळीस सेंट आहे. वीस लाख नगांचे झाले आठ लाख डॉलर. आम्ही निम्मंच कर्ज देतो, म्हणजे चार लाख. नव्वदातले चार, नाना. काही बिघडलं तरी सहन होईल."

"अन् भाव वाढला तर?"

"मग बरंच की. तारण आणखी भक्कम झालं."

नाना हसले. ते हसू मला लहानपणापासून माहीत आहे; गिऱ्हाईक पितळ घेऊन आलं की ते असंच हसायचे. "सोनाराची पोर अन् नग मोजत बसली. ऐक. आमच्याकडे नव्या सराफाच्या शिक्क्याचे डागदागिने यायला लागले की चेअरमन काय करायचा? तो डागांना नाही म्हणायचा नाही. फळ्यावर लिहायचा, या शिक्क्यावर संस्थेचे एकूण दोन लाख रुपये बाहेर जातील, बस. मग एक डाग विकत घेऊन आम्ही तो आटवून पाहायचो. आत काय निघतं ते दिसल्यावरच आकडा हलायचा. तुझ्या नाण्याचा भाव कोण सांगतं व?"

"बाजार."

"बाजार म्हणजे किती दुकानं?"

"तीन."

"अन् तिन्ही दुकानांत गिऱ्हाईक कोण असतं, माहीत आहे का तुला?"

मला माहीत नव्हतं. मी लॅपटॉप उघडला. आमच्या अर्जात दोन रकाने असतात: किती नग घ्यायचे, आणि त्या नाण्यावर एकूण किती डॉलर द्यायचे. पहिल्यात मी वीस लाख लिहिले होते. दुसरा रिकामा सोडला होता. नगांना कुंपण घातलंय, मग डॉलरना वेगळं कशाला, असा माझा हिशेब. रिकाम्या रकान्याचा अर्थ आमच्या प्रोग्रॅमच्या भाषेत एकच होता: मर्यादा नाही.

मी कागदावर मांडलं. भाव वीसपट झाला तर नाणं आठ डॉलरचं. वीस लाख नगांचे एक कोटी साठ लाख. त्याचं निम्मं, ऐंशी लाख. आणि पेटीत नव्वद.

"नाना, मी नंतर फोन करते."

"कर," ते म्हणाले. आवाजात घाई अजिबात नव्हती.

शनिवारी अकराला शार्दूल ऑफिसात आला तेव्हा मी सगळे आकडे फळ्यावर मांडून बसले होते. तो उभ्या उभ्याच वाचायला लागला, आणि वाचता वाचता त्याचे कान लाल झाले.

"भाव वीसपट कोण करेल? कशाला करेल?"

"ऐंशी लाख डॉलर कर्ज उचलून पळायला."

"अगं, सगळ्या जगासमोर मत घेतलंय आपण! आता ऐनवेळी दुसरा रकाना भरायचा म्हणजे त्यांना तोंडावर चोर म्हणण्यासारखं आहे. ते पन्नास लाख आणणार आहेत. आपल्याकडे तीन महिन्यांचे पगार उरलेत, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. माझाही त्यातच आहे."

"किती लिहायचं म्हणतेस?"

"एक लाख. आपल्या गंगाजळीत सव्वा लाख आहेत. सगळं बुडालं तरी तेवढ्यात भागेल, ठेवीदाराच्या पैशाला हात लागणार नाही. महिन्याभराने ओरिको नीट वागलं तर वाढवू."

"एक लाख!" तो खुर्चीत आदळलाच. "एवढ्यासाठी कोण येईल आपल्याकडे? चित्रा, तू घाबरतेस."

"घाबरते. पी हळद अन् हो गोरी, असं नाही होत शार्दूल. हे बघ."

मी फोन काढला. माझ्या खात्यात चाळीस हजार रुपये होते, त्या महिन्याचं घरभाडं आणि थोडं वरखर्चाला. त्याचे पाचशे डॉलर केले आणि सगळ्यांत मोठ्या दुकानातून ओरिको विकत घेतले. पाचशे डॉलर म्हणजे आमच्या धंद्यात चिल्लर. पडद्यावर भावाचा आकडा हलला. चाळीस सेंटचा एकेचाळीस सेंटच्याही वर गेला.

शार्दूल पुढे झुकला. "हे कुणी केलं?"

"मी. आत्ता, घरभाड्यात."

तो स्वतःच मार्कर घेऊन फळ्यावर आकडेमोड करायला लागला, ओठ हलवत, शाळेतल्या मुलासारखा. त्या दुकानात मालच इतका कमी होता की एक लाख डॉलर ओतले तर भाव वीसपट होत होता. एक लाख घालून ऐंशी लाख न्यायचे! त्याने आकडा दोनदा तपासला आणि मार्कर खाली ठेवला.

"एक वाजलाय," तो म्हणाला. "तीन सह्या लागतील."

कोठाराच्या पाच डिजिटल किल्ल्या होत्या, पाच जणांकडे. त्यांतल्या तिघांनी सही केली तर कुठलीही मर्यादा ताबडतोब कमी करता यायची; वाढवता मात्र यायची नाही, त्याला मतदानच हवं. माझी सही झाली, शार्दूलची झाली. उरलेल्या तिघांपैकी एकाने काम सोडलं होतं आणि त्याची किल्ली नव्याने कुणाला तरी द्यायचं शार्दूल चार महिने विसरत होता. दुसरा ब्राझीलमध्ये. त्याला दहा फोन केले, दहा निरोप ठेवले, उत्तर नाही. तिसरा इम्तियाज मुजावर, आमचा प्रोग्रॅमर. तो मिरजेला, आणि त्या दिवशी त्याच्या बहिणीचं लग्न.

दोनला त्याला फोन केला, उचलला नाही. अडीचला, तीनला, सव्वातीनला, नाही. शार्दूल खोलीत येरझाऱ्या घालायला लागला. खालून काठी वाजली तेव्हा तो थांबला आणि तिथल्या तिथे पाय हलवत राहिला.

"पत्रिका!" मला एकदम आठवलं. इम्तियाजने लग्नाची पत्रिका आमच्या ग्रुपवर टाकली होती. तळाशी व्यवस्थेसाठी म्हणून त्याच्या मामांचा नंबर होता. तीन एकोणचाळीसला मी तो लावला.

"हॅलो! कोण? जरा मोठ्यानं बोला, इथं पंगत चाललीय!"

"मामा, मी पुण्याहून बोलतेय, इम्तियाजच्या ऑफिसातून! त्याला द्या ना फोन, फार तातडीचं आहे!"

"अहो, पोरगं वाढतंय जेवण. पाहुणे उठले की देतो."

"मामा, लोकांचे पैसे जातील!"

त्यानंतर जे ऐकू आलं ते मी जन्मात विसरणार नाही. मामांनी शादीखान्याचा माइकच हातात घेतला असावा. "इम्तियाज मुजावर! असशील तिथून ये! पुण्याच्या बँकेत दरोडा पडलाय!"

मिनिटभराने धापा टाकत इम्तियाज फोनवर आला. "काय झालं? सगळा हॉल माझ्याकडे बघतोय!"

मी त्याला तीन वाक्यांत सांगितलं. तो वाद घालणारा माणूस नव्हता. आकडे ऐकले आणि फक्त म्हणाला, "बापरे." सहीचं यंत्र पेनड्राइव्हएवढं, ते नेहमी त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असायचं. "किल्ल्या शेरवानीत नाहीत. गाडीत आहेत. गाडी चुलतभावाने बर्फ आणायला नेलीय."

"कधी गेलाय?"

"मगाशीच. थांब, येतोय बघ! आला!"

फोन चालूच होता. बँड, मुलांचा कालवा, "अरे चावी, चावी!" अशी त्याची हाक. शार्दूल माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होता. तीन छप्पन. तीन अठ्ठावन्न.

"हाताला रस्सा लागलाय, बटण घसरतंय," इम्तियाज म्हणाला.

"पूस ना मग!"

"कशाला पुसू, शेरवानीला? अम्मी मारेल. हां. हां, दाबलं. गेलं का?"

चार वाजून दोन मिनिटांनी पडद्यावरचा दुसरा रकाना भरला. ओरिकोवर एकूण कर्ज: एक लाख. शार्दूलने मला मिठीच मारली, आणि मग दोघेही ओशाळून बाजूला झालो.

"आता कदाचित काहीच होणार नाही," तो म्हणाला, "आणि सोमवारी ते लोक मला शिव्या घालतील."

चार-दहाला ओरिको उघडलं. पहिली काही मिनिटं शांत. एकाने शंभर नाणी ठेवली, एकाने पाचशे. शार्दूलने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मला वाटलं, आज माझी चांगली फजिती होणार.

चार एकोणतीसला भाव बेचाळीस सेंट होता. चार तिसाला सत्तर. मी खुर्चीवरून उठले. एक डॉलर दहा. दोन डॉलर. तीन डॉलर साठ.

"कुणीतरी ओततंय," शार्दूल पुटपुटला. मग ओरडला, "चित्रा, ओततंय कुणीतरी!"

आठ डॉलर. आणि त्याच क्षणी एका खात्यातून एकगठ्ठा नाणी आत आली. मी लिहिलेल्या वीस लाखांत त्या शंभर-पाचशेनंतर जेवढी जागा उरली होती, तेवढी. एक नग कमी नाही. माझी समंजस मर्यादा त्याने अगदी काठोकाठ वापरली होती.

मग त्याने कर्ज मागितलं. एकोणऐंशी लाख डॉलर.

पडद्यावर लाल ओळ उमटली: नाकारलं.

"होऽऽ!" शार्दूलची आरोळी कोथरूडपर्यंत गेली असेल. काठी वाजली, आम्ही लक्षच दिलं नाही. चाळीस लाख: नाकारलं. वीस लाख: नाकारलं. दहा. पाच. तो समोरचा माणूस, जगात कुठे बसला होता कोण जाणे, त्याचे घामेजलेले हात मला दिसत होते. कुठे अडतंय हे त्याला कळत नव्हतं. दुसरा रकाना रिकामा आहे हे त्याने कितीतरी आधी वाचून ठेवलं असणार. शेवटी त्याने एक लाख मागितले आणि ते गेले. प्रोग्रॅमने दिले, द्यायलाच हवे होते. चार एक्केचाळीसला भाव धाडकन खाली आला, पंचवीस सेंट, दहा, सहा. तारण कवडीमोल झालं. आमचे एक लाख बुडाले, ते गंगाजळीतून भरून निघाले, आणि ठेवीदारांचा एक डॉलरही हलला नाही.

चर्चेच्या फळ्यावर गेले तर घुबड उडून गेलं होतं. खातंच बंद. त्या संध्याकाळी दुसऱ्या एका पेढीतून ओरिकोच्याच तारणावर एक कोटी दहा लाख डॉलर गेल्याची बातमी आली. त्यांनीही नगच मोजले होते.

दार वाजलं. डॉक्टर स्वतः वर आले होते, हातमोजे न काढताच. "तुमचं नक्की काय चाललंय?" शार्दूलने त्यांना मिठी मारली. ते इतके गोंधळले की चहा पिऊन गेले.

सहा वाजता मी जिन्यात जाऊन नानांना फोन लावला. शब्द एकमेकांवर आदळत होते. पाचशे डॉलर, मामांचा माइक, बर्फाची गाडी, लाल ओळी, सगळं एका दमात सांगितलं. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. नाना मध्ये मध्ये "हां" म्हणत होते.

"तुमच्यामुळे वाचलो, नाना."

"तो दुसरा रकाना रिकामा कोणी सोडला होता?"

मी जिन्याच्या पायरीवर बसले. "मीच."

"हं. घाम फुटला का?"

"फुटणार नाही? तुमचे चौदा लाख आत होते! रात्रभर तेच दिसत होतं मला. तुमची एकतीस वर्षं नाना, नुसती एका रिकाम्या चौकोनातून..."

"मग बरोबर."

"काय बरोबर?"

"मी संस्थेत लागलो तेव्हा चेअरमनने माझ्याकडून अकरा हजार अनामत घेतली होती. पारखणाऱ्याची अनामत. खोटा डाग पास केला की त्यातून कापायचे. तुझ्या आजीने पाटल्या विकून भरली. एकतीस वर्षं प्रत्येक डाग कसाला लावताना मला त्या पाटल्या दिसायच्या." त्यांच्या पंख्याची घरघर मला फोनवर ऐकू येत होती. "दिवाळीत मी तुला विचारलं, यात तुझे किती अडकलेत? तू म्हणाली, माझे काही नाही, मी नुसती मर्यादा लिहिते. तुझ्याकडून कोणी अनामतच घेतली नव्हती व. म्हणून मी भरली."

व्याज किती मिळतं, हे नानांनी इतक्या महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"सगळे कशाला भरायचे?" मी कशीबशी म्हणाले. "गेले असते तर?"

"थोडे भरले असते तर तू काल जागली नसती."

सोमवारी बँक उघडताच मी रांगेत पहिली होते. साडेपाच लाखांची एफडी होती माझी, लग्नासाठी म्हणून ठेवलेली. ती मोडली आणि दुपारपर्यंत सगळी कोठारात टाकली. मग नानांना फोन केला.

"नाना, माझे भरले. आता तुमचे काढून घ्या."

"थांब," नाना म्हणाले. "आधी पावती दाखव."